ब्रेक कोणी लावला आणि पूल का पडला? : ‘क्रिश ३’ पुन्हा लिहून पाहताना

आजचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय. “व्याख्यानमालेत क्रिश?” आणि तोही तिसरा! पहिला असता तर एक वेळ समजलं असतं. (हशा)

आम्ही मुद्दामच तिसरा निवडला. चांगल्या चित्रपटावर बोलणं सोपं असतं. फसलेल्या चित्रपटावर नुसती टीका करणं त्याहून सोपं. पण एखादा चित्रपट नेमका कुठे फसला हे कळायचं असेल, तर तो पुन्हा लिहून बघावा. शिंपी जसा न बसलेला सदरा उसवून बघतो, तसं. कापड वाईट होतं की कापणी चुकली, हे उसवल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक कारण आहे. २०२५च्या मार्चमध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं की मालिकेतला पुढचा चित्रपट, म्हणजे चौथा क्रिश, हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार. तेव्हा ही उसवाउसवी अगदीच निरुपयोगी नाही.

आधी थोडी उजळणी. २००३ साली ‘कोई मिल गया’ आला. रोहित नावाचा मुलगा, वय वाढलेलं पण बुद्धीची वाढ थांबलेली, शाळेत लहान मुलांबरोबर बसणारा. त्याला परग्रहावरचा जादू भेटतो आणि शक्ती देतो. मग २३ जून २००६ रोजी ‘क्रिश’ आला. रोहितचा मुलगा कृष्णा, आजीने डोंगरात वाढवलेला, सिंगापूरला जातो. तिथे सर्कशीला आग लागते, आणि आजीला दिलेला शब्द मोडू नये म्हणून तो तुटक्या मुखवट्याने चेहरा झाकून मुलांना वाचवतो. आणि १ नोव्हेंबर २०१३ रोजी, दिवाळीत, ‘क्रिश ३’. आता कृष्णा मुंबईत राहतो. बायको प्रिया टीव्ही पत्रकार आहे, वडील रोहित शास्त्रज्ञ आहेत. समोर काल नावाचा खलनायक, म्हणजे विवेक ओबेरॉय. मानेखाली लुळा, पण नुसत्या मनाने वस्तू हलवणारा. तो माणूस आणि प्राणी यांच्या मिश्रणातून ‘मानवर’ तयार करतो, विषाणू पसरवतो आणि त्यावरचं औषध विकतो. पुढे उघड होतं की काल हाही रोहितच्याच जनुकांतून जन्मलेला. म्हणजे नायकाचा भाऊच.

चित्रपट चालला, जोरात चालला. त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी चित्रपटांत त्याचं नाव आहे. तेव्हा निराशा गल्ल्याची नाही. निराशा थिएटरमधून बाहेर पडताना होते. आपण बरंच काही पाहिलं, पण बरोबर घेऊन काहीच निघालो नाही, अशी.

न्यायाने बोलायचं तर जमेच्या बाजूही आहेत. म्हाताऱ्या होत चाललेल्या रोहितच्या भूमिकेत हृतिकचं काम खरोखर चांगलं आहे. त्याच्या चालण्यात, हसण्यात पहिल्या चित्रपटातलं ते मूल अजून दिसतं. कंगना राणावतची काया, रूप बदलणारी मानवर, हे चित्रपटातलं सगळ्यात जिवंत पात्र. आणि २०१३च्या मानाने दृश्यपरिणामही कमी नाहीत. कापड वाईट नव्हतं, मंडळी.

मग कापणी कुठे चुकली?

आमच्या मते चूक एका लहानशा वस्तूपाशी सापडते. चित्रपटात क्रिश लोकांना हातात घालायचे बँड वाटतो. त्यामागचं म्हणणं असं, की जो कोणी दुसऱ्याच्या मदतीला धावतो तो क्रिशच. या एका कल्पनेवर अख्खा चित्रपट उभा राहू शकला असता. पण पुढे काय होतं? बँड वाटले जातात, क्रिशचा पुतळा उभा राहतो, गाणं होतं, आणि नंतर निर्णायक क्षणी त्या बँडवाल्यांमुळे कथेत काहीही बदलत नाही. लोक वर बघतात, घाबरतात, पळतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. तोंडाने म्हणायचं ‘तुम्ही सगळे क्रिश’, आणि काम द्यायचं प्रेक्षकाचं.

दुसरी खूण शहराची. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी चित्रपट पाहिलाय त्यांनी सांगावं, कृष्णा कोणत्या स्टेशनवर उतरतो? (श्रोत्यांतून: “उडत जातो!”) बरोबर, उडत जातो. पण त्याची बायको? त्याचे वडील? नोकरीवर तो जातो तेव्हा कसा जातो? घर कुठे आहे? काचेचे उंच मनोरे दिसतात, त्यावरून उड्या दिसतात. ते शहर सिंगापूर असतं तरी चाललं असतं. मुंबईकराची पहिली ओळख ‘कुठे राहता?’ या प्रश्नाने होते आणि उत्तरात ‘पूर्व की पश्चिम’ येतं. या माणसाला पूर्वही नाही आणि पश्चिमही नाही.

कोणी म्हणेल, लहान मुलांचा चित्रपट आहे, एवढं काय पत्ता विचारता? पण लहान मुलांनाच पत्ता हवा असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पोरांना आपला का वाटला? त्याच्याकडे एक सायकल होती आणि तो फुरसुंगीचा होता. शक्तिमान आकाशात गरगरत जायचा, पण खाली उतरला की गंगाधर म्हणून वर्तमानपत्राच्या कचेरीत बोलणी खायचा. नायक उडाला तरी चालतं. तो उडतो कुठून हे मात्र माहीत पाहिजे.

आता ते लिहूनच बघू. आम्ही स्वतःवर तीन अटी घातल्या. एकही नवं पात्र आणायचं नाही. कुणालाही नवी शक्ती द्यायची नाही. आणि निर्मात्याच्या खिशातून एक रुपयाही जास्त काढायचा नाही. जे चित्रपटात आहे तेच वापरायचं, फक्त प्रत्येक गोष्टीची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे.

पहिला बदल, नोकरी. चित्रपटात कृष्णाच्या नोकऱ्या जातात, कारण कुठे संकट आलं की तो काम टाकून पळतो. हे विनोदासाठी दोन-तीन प्रसंगांत उरकलंय. आम्ही ते मध्यभागी आणू. कृष्णा घाटकोपरला राहतो आणि अंधेरीच्या एमआयडीसीत कामाला आहे असं समजा. साल २०१३. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रोचे खांब उभे आहेत, पण गाडी सुरू व्हायला २०१४चा जून उजाडायचाय. म्हणजे अंधेरी-कुर्ला रोडवरची कोंडी आणि ३४० नंबरची बस. उडता येतं, पण उडालं तर ओळख उघडी पडते. म्हणून जगातला सगळ्यात वेगवान माणूस साकीनाक्याला बसमध्ये उभा आहे आणि त्याला लेटमार्क लागतोय. (हशा)

हसण्यासारखं आहे, पण पुढे बघा. त्याची नोकरी जाते तेव्हा घर कोण चालवतं? प्रिया. आणि प्रिया काय करते? बातम्या देते. शहरातली सगळ्यात मोठी बातमी तिच्या शेजारी झोपते आणि तिला ती देता येत नाही. हा केवढा मोठा पेच पटकथेत आयता पडून होता! चित्रपट त्याला हातच लावत नाही. आमच्या लेखनात संपादक तिला विचारतो, “क्रिश कोण आहे, शोधून काढ.” आणि ती नाही म्हणू शकत नाही, कारण घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. नवऱ्याच्या चांगुलपणाचं भाडं ती भरतेय. प्रियाचं पात्र एवढ्याने उभं राहतं.

दुसरा बदल, विषाणू. मूळ चित्रपटात मुंबईत साथ पसरते, माणसं रस्त्यात कोसळतात. रोहित आणि कृष्णाला बाधा होत नाही, म्हणून कृष्णाच्या रक्तापासून औषध तयार होतं, ते हवेतून शहरभर पसरवलं जातं, आणि सगळे बरे. २०१३ साली आपण हे चिवडा खात पाहिलं. आज पाहवत नाही, कारण साथ म्हणजे काय ते आता आपल्याला माहीत आहे.

२०२०च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. युद्धात, दंगलीत, पुरातही एवढे दिवस न थांबलेली लोकल. १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. गोरेगावच्या नेस्को मैदानात, मुलुंडला, दहिसरला मोठमोठी उपचार केंद्रं उभी राहिली. आणि ‘टी वॉर्ड’, ‘एन वॉर्ड’, ‘के ईस्ट’, ‘आर सेंट्रल’ ही अक्षरं, जी आधी फक्त पाणीपट्टी भरणाऱ्याला ठाऊक होती, ती रोज सकाळी घराघरात वाचली जायला लागली. आपल्या वॉर्डात किती? औषध होतं तेव्हाही ते आपोआप पोचत नव्हतं. रांग होती, यादी होती, ओळख होती, फोन होते. आणि त्या सगळ्यामधून चाळी चढून, दारं वाजवून, ताप मोजत फिरणाऱ्या आरोग्य सेविका होत्या.

म्हणून आमच्या लेखनात औषध हवेतून पसरत नाही. एका माणसाचं रक्त आहे, ते किती पुरणार? कृष्णा रोज द्यायला तयार आहे, पण रोज दिलं तर त्याची ताकद कमी होते. आणि जे तयार झालं ते आधी कोणाला? इथे त्याची शक्ती कुचकामी आहे. उंच उडी मारून हा प्रश्न सुटत नाही. इथे बँडवाले लागतात. ज्यांना पहिल्या तासाभरात बँड मिळाला तीच माणसं आता बाटल्या घेऊन जिने चढतात. पुतळ्याचं गाणं कापा आणि तेवढा वेळ या लोकांना द्या. खर्च वाचेल.

तिसरा बदल सर्वांत अवघड. काल आणि रोहित.

पहिला चित्रपट कशाबद्दल होता ते आठवा. ज्याला सगळे वेडा म्हणतात, ज्याला वर्गातून हाकलतात, अशा मुलाबद्दल. तोच मुलगा आता बाप आहे. आणि त्याच्यासमोर त्याचा असा मुलगा येतो, ज्याला लुळा म्हणून अनाथालयात टाकलं गेलं. या दोघांची भेट हा तिन्ही चित्रपटांचा कळस असायला हवा होता. जगात कालचं दुःख कोणाला कळू शकत असेल तर ते रोहितला. पण चित्रपट काय करतो? काल बापाचा अस्थिमज्जा जबरदस्तीने काढून घेतो, उठून उभा राहतो, लोखंडी चिलखत चढवतो आणि संपलं. त्यापुढे तो फक्त मारायचा एक राक्षस. अपंग आहे म्हणून खलनायक, आणि बरा झाला म्हणून जास्त मोठा खलनायक! जी मालिका एका गतिमंद मुलाच्या बाजूने उभी राहून सुरू झाली, ती दहा वर्षांत इथे पोचली. आम्हाला या चित्रपटाचं खरं वाईट वाटतं ते इथे.

आम्ही एकच गोष्ट बदलू. रोहित स्वतःहून देतो. “मागितलं असतंस तर पहिल्याच दिवशी दिलं असतं,” एवढंच म्हणतो. मात्र उपचार महिनोन्‌महिने चालणारे आहेत, थोडं थोडं घ्यावं लागेल, थांबावं लागेल. आणि कालला थांबता येत नाही. आयुष्यात त्याला कोणी काही दिलेलंच नाही, मग दिलेल्यावर विश्वास कसा ठेवणार? तो सगळं एकदम ओरबाडतो आणि त्यात बाप जातो. मूळ चित्रपटात रोहित सूर्यप्रकाशाच्या यंत्रातली ऊर्जा स्वतःच्या शरीरातून कृष्णाला देऊन मरतो, म्हणजे नायकाला चार्ज करून. आमच्याकडे तो दुसऱ्या मुलाला देताना मरतो. मग शेवटच्या लढाईत कृष्णासमोर राक्षस नाही, वडिलांचा जीव अंगात वागवणारा भाऊ उभा आहे. मारायचं कुणाला?

कायाला तर आम्ही जवळजवळ हातही लावत नाही. प्रियाचं रूप घेऊन ती घरात येते, हे तसंच. फक्त ती बदलते ती वाळवंटातल्या गाण्यामुळे नव्हे. तिला सून समजून रोहित रात्री विचारतो, “जेवलीस का गं?” प्रयोगशाळेत जन्मलेल्या बाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. पुरे.

आता शेवट. इथे आम्हाला तारखांकडे जावं लागतं. दुसरा क्रिश प्रदर्शित झाला २३ जून २००६ रोजी. त्यानंतर अठराव्या दिवशी, ११ जुलैला, संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, मीरा रोड, बोरिवली. तो चित्रपट तेव्हा थिएटरांत चालू होता. आणि रुळांवर काय चालू होतं? कोणाची वाट न बघता लोक डब्यांत शिरत होते. रुळांलगतच्या वस्त्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन आली आणि त्या चादरींतून जखमींना उचलून नेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही अनोळखी माणसांनी साखळी करून एकमेकांना छातीभर पाण्यातून काढलं. या सभागृहातही त्या रात्री चालत घरी आलेले असतील.

जगातला एक उत्तम सिक्वेल, २००४चा ‘स्पायडरमॅन २’, आगगाडीपाशीच शिखर गाठतो. गाडी थांबवून नायक बेशुद्ध पडतो, आणि डब्यातले प्रवासी त्याला हातांवरून आत घेतात. मुखवट्याखालचा चेहरा कोवळ्या पोराचा आहे हे बघतात आणि कोणाला सांगायचं नाही असं ठरवतात. ते पटकथेत होतं. आपल्याकडे दोन वर्षांनी ते रुळांवर घडलं. आणि तरीही आपल्या चित्रपटात, सात वर्षांनंतर, लोक वर बघत टाळ्या वाजवताहेत!

म्हणून आमच्या शेवटात क्रिश घाटकोपर आणि विक्रोळीच्या मध्ये रुळांवर पडलेला आहे. रक्त देऊन देऊन अशक्त झालाय. लोकल थांबलीय. लोक खाली उतरतात आणि चादर येते. मुखवटा कोणी काढत नाही. कालला अडवतं कोण? कोणीच नाही. तो उभा राहून बघतो. आपल्याला ज्या जगाने टाकलं ते जग एका पडलेल्याला उचलतंय, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुढे त्याने काय करावं हे आम्ही तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं आणि आमचं एकमत झालं नाही. पण कोणत्याही प्रकारात इमारती पाडायची गरज लागली नाही.

इथे थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण थांबता येत नाही. कारण इथवर आम्ही जे सांगितलं त्याला दुसरं एक नाव आहे, ‘स्पिरिट ऑफ मुंबई’, आणि या शब्दांचा आता लोकांना वीट आलाय. योग्यच आहे. दर वेळी लोकच लोकांना वाचवणार, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं त्यांच्या जिद्दीचं कौतुक करणार. मग ज्यांचं कामच वाचवण्याचं होतं ते सुटले!

अंधेरीचंच उदाहरण घ्या. ३ जुलै २०१८ची सकाळ. गोखले पुलाचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी समोर पूल पडताना पाहिला, इमर्जन्सी ब्रेक लावला आणि गाडी अलीकडेच थांबली. ‘क्रिश ३’ची सुरुवात आठवा. विमान संकटात, आणि क्रिश ते सुखरूप उतरवतो. इथे न केप, न मुखवटा. एक माणूस, एक हँडल, शुद्ध हरपू न देता घेतलेला निर्णय. त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण ब्रेक कोणी लावला हा एक प्रश्न आणि पूल का पडला हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसरा मिटत नाही. आणि दुसऱ्याचं काय झालं, ते अंधेरीकरांना विचारा. नवा पूल २०२४च्या फेब्रुवारीत अर्धा उघडला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. (हशा) हसू नका मंडळी, त्या पुलावरून आपणच जातो.

आपल्याकडे एका चित्रपटाने हा दुसरा प्रश्न विचारला. विक्रमादित्य मोटवानेंचा ‘भावेश जोशी सुपरहीरो’, २०१८ सालीच आलेला. कागदी पिशव्यांचे मुखवटे घातलेली उपनगरातली पोरं, आणि खलनायकी कसली? नळाला पाणी का नाही आणि टँकरला कुठून येतं, ही. तिथे नायकाला शक्ती नाहीत, पण पत्ता आहे. तो चित्रपट पडला. त्याचीही कारणं आहेत. तो लांबतो, आणि आपल्याच अंधारात अडकून बसतो. पण या दोन चित्रपटांना एकमेकांची गरज होती असं आम्हाला वाटतं. एकाकडे शहर होतं, उडणं नव्हतं. दुसऱ्याकडे उडणं होतं, शहर नव्हतं.

म्हणून आमच्या ‘क्रिश ३’चं शेवटचं दृश्य प्रियाचं आहे. तिच्याकडे आता क्रिशचं नाव आहे, चेहरा आहे, बातमी तयार आहे. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहते आणि ती बातमी देत नाही. ती वेगळंच विचारते: औषध विकणाऱ्या कंपनीला परवाना कोणी दिला? रुळांवर माणूस पडला तेव्हा रुग्णवाहिका कुठे होती? आणि मागे, चौकात, पुतळ्यासाठी बांधलेला चौथरा रिकामा आहे. त्यावर एक बाई भाजी मांडून बसलीय.

चौथ्या क्रिशचं काय व्हायचं ते होवो. त्यात काळाचा प्रवास असेल, ग्रह असतील, आणखी काय काय असेल. आमची मागणी फार नाही. क्रिश कोणत्या स्टेशनवर उतरतो, एवढं फक्त दाखवा.

आता प्रश्न घेऊ. आणि ज्यांना मुलुंडची शेवटची लोकल पकडायचीय त्यांनी खुशाल उठावं, आम्हाला राग येणार नाही.